ओला आणि कोरडा

सोनेगावच्या वेधशाळेत, करपलेल्या गवतावर
चार पायांची एक पांढरी पेटी.
झडपांमागे दोन पारे, शेजारी शेजारी.
एक नुसता. दुसऱ्याच्या फुग्याला मलमल गुंडाळलेली,
मलमलीचं शेपूट वाटीतल्या पाण्यात.
कोरडा म्हणतो, पंचेचाळीस पूर्णांक दोन.
ओला म्हणतो, बावीस.
मी दोन्ही लिहिते वहीत.
मधली वजाबाकी बाबांची.

पाचपावलीत पत्र्याची पाटी:
मनिराम हेडाऊ, कूलर व मोटर वायंडिंग.
आजोबांचा माग होता त्याच खोलीत,
खड्ड्यात पाय सोडून ते धोटा फेकायचे.
पॉवरलूम आले, माग निघाला.
पॉवरलूमच्या मोटरी जळायच्या,
त्या भरायला बाबा शिकले.
मग पॉवरलूमही निघाले.
खड्डा राहिला, तांब्याची तार राहिली.
बाबांनी पत्रा कापला, तीन बाजूंना ताट्या बसवल्या.
आजोबांनी पहिल्या ताटीवरून हात फिरवला,
म्हणाले, "वीण विरळ हाये."

त्याआधी उन्हाळ्यात गल्ली गच्चीवर निजायची.
कोण कुशीवर वळलं, कोणाला खोकला लागला,
सारं सगळ्यांना ठाऊक.
मग खिडक्या कूलरच्या मापाच्या झाल्या.
मिस्त्री वीट लावायच्या आधी विचारायचा,
दोन फुटी का अडीच?
आंदणात कूलर आला.
गच्चीवर टाक्या उरल्या,
आणि घरघरीत शेजारचं काहीच ऐकू येईना.

मी सहावीत असताना
बारापात्रेंची कुंदा ओल्या पायांनी
बादली घेऊन पाणी भरायला गेली
आणि पत्र्याला चिकटली.
कूलर आमच्या दुकानातला.
त्या रात्री कुणीही न सांगता
एकेक घरघर बंद होत गेली.
सेहेचाळीस अंश, खिडक्या सताड,
आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत
एका आईचं रडणं.

बाबा दोन दिवस जेवले नाहीत.
तिसऱ्या दिवशी मागाचा खड्डा अजून खोल खणला,
कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी,
आणि दारोदार फिरले तिसरी तार घेऊन.
"दोन तारात चालते नं, मग तिसरी काहून?"
"पैसे किती?"
पैसे नव्हतेच.
नियम पुस्तकात कधीचा होता.
बाया इतवारीतल्या दुकानात उभ्या राहून
"तिसरी तार दाखव आधी" म्हणू लागल्या,
तेव्हा कुठे तो शहरात आला.

आता बाबा सत्तरीचे. रोज संध्याकाळी फोन.
तब्येत नाही, जेवण नाही, सरळ:
"आज फरक किती?"
तेवीस असला तर हसतात, कूलर लागला.
पण हल्ली मे महिन्यातच हवा चिकटते अंगाला.
काल कोरडा एकोणचाळीस, ओला अठ्ठावीस.
"अकरा," मी म्हटलं.

पलीकडे बराच वेळ काही नाही,
नुसता धकात्यांचा एसी,
ज्याचं गरम तोंड आमच्या खिडकीकडे आहे.

"मंग कूलर काही कामाचा नाही आज.
सांगतो साऱ्यायले, गच्चीवर या म्हणून.
धकात्यायलेही सांगतो."

फोन ठेवून मी पेटी उघडली.
मलमल पिवळी पडली होती, खाऱ्या पाण्यानं कडक.
नवी कापली, गाठ मारली,
वाटीत पाणी घातलं,
आणि पारा उतरायची वाट बघत
उभी राहिले.