पर्यंत

विजयनगरला, पतसंस्थांच्या वह्या तपासणाऱ्या हापिसात
भिंतीवर काळा फलक आहे.
सोळा नावं. पहिली नऊ वडिलांच्या हातची,
त्यांचा ळ पोटात जाड असायचा.
पुढची सात माझी.

रकाने तीन: नाव, पासून, पर्यंत.
पासून मी त्याच दिवशी भरतो.
पर्यंत कोरा.
वडील सांगायचे, दस्तगीर, तिथं ब्रश टेकवू नको,
ती जागा वेळेची आहे.

कायद्यात पाच वर्षं लिहिलीयत म्हणे.
कारण दाखवल्याशिवाय खुर्चीला हात लावता येत नाही म्हणे.
म्हणे म्हणजे शिपाई बिरनाळे म्हणाला,
चहा ओतता ओतता.

पद्मजा उगारे बाई आल्या तेव्हा मार्च होता,
हळदीचे सौदे भरात.
वखारभागातून सायकल काढली तर पापण्यासुद्धा पिवळ्या.
बाई स्टुलाशी येऊन उभ्या राहिल्या.
उ ऱ्हस्व काढा, म्हणाल्या,
आणि तारखेआधी शून्य घाला,
मागाहून कुणी आकडा घुसवायला नको.

मग त्या एका पतसंस्थेच्या तिजोरीत उतरल्या
स्वतःचा काटा घेऊन.
तारणाचं सोनं वहीत एक, काट्यावर दुसरं.
त्या संस्थेची पाटीही माझीच,
'विश्वास'मधल्या श्वला दोन दिवस लागले होते.
बेचाळीस हजार आहेत माझे तिथं.
पावती रंगाच्या पेटीत, टर्पेंटाइनचा वास लागलेली.

अकरा महिन्यांनी बिरनाळेचा फोन:
पेंटर, एक तारीख टाकायचीय.
नव्या हळदीचा मुहूर्तही झाला नव्हता.

आदेश मी बघितला. एक कागद,
वरून आलेला, वर म्हणजे कुठून ते कुणी बोलेना.
कारणाच्या जागी दोन शब्द:
प्रशासकीय कारणास्तव.
म्हणजे कारणास्तव कारण.
पूर्वी सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा,
पण रुमाल तरी दिसायचा
आणि माल तरी समोर असायचा.

बाई कपाटाच्या किल्ल्या मोजून देत होत्या,
प्रत्येक किल्लीची सही घेत.
माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या,
शून्य विसरू नका.

०७ लिहिलं. हात हलला नाही,
तीस वर्षांचा हात आहे.
पण पर्यंतच्या रकान्यात
एवढी घाई मी कधी रंगवली नव्हती.

दुपारी सतरावे आले.
नाव लिहून स्टुलावरून उतरलो
तर ते फलकाशी उभे, स्वतःच्या नावाकडं नाही,
बाईंच्या ओल्या तारखेकडं बघत.
मग हळूच विचारलं,
पेंटर, लिहिलेलं पुसता येतं का?

वाळायच्या आत येतं साहेब, म्हटलं.

ते टेबलाकडं गेले.
तिथं बाईंची फाईल होती, नाडी सुटलेली.
मी ब्रश धूत राहिलो, गरजेपेक्षा जास्त वेळ,
कान तिकडं लावून.