खिडकी क्रमांक चार, ल्युब्लियाना

मुक्कामाचा हेतू: एकाच चौकटीत खूण करा.
व्योसानं दोन्हींत केली होती.
शिक्षण. काम.

मी म्हटलं, एक खोडा.
ती म्हणाली, कोणतं?
पहाटे तीनला बेकरीत पीठ मळते,
नवाला वर्गात मातीचे थर शिकते,
फी त्या पिठातूनच निघते,
मग आधी काय धरायचं?

एकोणीस वर्षं या काचेआड बसलेय,
असं उलट कोणी विचारलं नव्हतं.
आमच्या अर्जात ‘आधी’ नसतंच.
फक्त पासून आणि पर्यंत.

मग बोटं.
यंत्रानं उजवी तर्जनी नाकारली,
डावी नाकारली, मग दोन्ही अंगठे.
पडद्यावर नुसता राखाडी डाग,
रेषा सोड्यानं, भट्टीनं झिजवलेल्या.
घरमालकिणीच्या पत्रावर मात्र
मैद्याचा एक अंगठा स्वच्छ दिसत होता.
तो ग्राह्य धरता येत नाही.

नियम सांगतो: दोन आठवड्यांनी पुन्हा या.
तिची मुदत शुक्रवारी संपत होती.

खणातली माझी क्रीमची ट्यूब
काचेखालच्या फटीतून सरकवली.
चोळ, म्हटलं, अहो-जाहो विसरून.
सावकाश. घाई कोणालाच नाही.
(खोटं. साडेबाराला खिडकी बंद होते,
आणि रांग जिन्यापर्यंत गेलेली.)

पाचव्या खेपेला अंगठा उमटला.
अर्धाच. यंत्राला पुरला.

हेतूच्या रकान्यात शेवटी ‘शिक्षण’ राहिलं.
‘काम’ तिनं खोडलं, एकाच रेघेनं,
खालचं अक्षर वाचता येईल असं.
मी ते तसंच स्कॅन केलं.