सतरा

प्रेसमध्ये चौतीस वर्षं माझं काम एकच:
ताव उजेडात धरायचा, चूक शोधायची.
शाई फुटली, आकडा सरकला
की तांबडी खूण. ताव बाद.
घरी आल्यावरही भाकरीचा काठ तपासायचो,
असं विजया सांगते, आणि ते खोटं नाही.

निवृत्तीनंतर जेल रोडला, पाण्याच्या टाकीला लागून,
सफरचंद लावलं.
"काश्मीर काय ओझरच्या पुढचा स्टॉप आहे का?"
हे समोरच्या पिंगळ्यांचं.
रोप जेमतेम गुडघ्याएवढं, काठीला बांधलेलं,
कुणाचंच मनावर न घेणारं.

दर डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात छापून आला
की मी त्याची पानं हातानं खुडायचो.
झाडाला झोप लागते. आपली थंडी अपुरी,
उरलेली झोप आपण द्यायची.
"अहो, जित्या झाडाची?" विजया पहिल्या वर्षी म्हणाली
आणि आत निघून गेली.
मलाही त्या काटक्यांकडे बघवत नव्हतं.

चौथ्या वर्षी, मे संपता संपता, सतरा फळं.
मोजली. मग खालून वर मोजली.
एकात बुलबुलाची चोच, दोन उन्हानं भाजलेली,
एक तर सरळ बटाटा,
बाकीच्यांच्या गालावर खरूज.
एकेक उजेडात धरलं.
एकही पास होईना.

रुखसाना तांबोळी स्वतःची सुरी घेऊनच आली.
"काका, डाग तेवढा काढा,
राहिलं ते सफरचंदच असतं."
नऊ फळांचा मुरांबा: पाक एकतारी,
लवंगा दोन, तिसरी टाकू दिली नाही तिनं.
आठांच्या चकत्या, मिठाच्या पाण्यातून काढून
गच्चीवर, पिंपळगावच्या साडूकडून आणलेल्या
बेदाण्याच्या जाळीवर.
जाळीला अजून मनुकांचा वास होता,
चकत्यांनी तो घेतला. घेऊ दिला.
चार दिवस मी काठी घेऊन राखण केली,
पाचव्या दिवशी ढग बघून सगळं पोत्यासारखं उचललं.
चकत्या चामड्यासारख्या वळत होत्या,
म्हणजे झाल्या, असं रुखसाना म्हणाली.

बरण्या भरल्या चार.
चिठ्ठ्या मी लिहिल्या, क्रमांक घालून,
सवयीच्या अक्षरात, सवयीच्या शाईत.

आता जानेवारी. नळाचं पाणी दाताला लागतं,
पिंगळे कानटोपीतून चहा पितात आमच्याकडे
आणि चकत्यांची वाटी आपल्या बाजूला सरकवतात.
काश्मीरचा विषय काढत नाहीत.

काल विजयानं फडताळ उघडलं, बराच वेळ बघत राहिली.
"एक, दोन, दोन, चार," तिनं वाचलं.
मी चष्मा शोधायला लागलो.
तिनं दुसऱ्या दोनचं झाकण फिरवलं,
बोट बुडवलं,
"बाद," म्हणाली,
आणि बोट चाटत चाटतच
चमचा आणायला वळली.