घासाघीस

पलाऊला नुसतं उतरायलाच महिन्याचा पगार,
मालदीवचं तर नावच काढू नकोस,
म्हणाली रोविना, आणि कॅल्क्युलेटर पालथा ठेवला.
राहता राहिलं दाउइन.
सेबूहून रात्रीची बोट, डेकवर खाटा,
सकाळी लसूणभात अन् सुकी मासळी.

वाळू काळी. जाहिरातीत न शोभणारी.
हवेच्या टाक्या भरणारा क्रिसान्तो
कॉम्प्रेसरच्या वर आवाज चढवून विचारतो,
"इथंच का?"
"परवडलं म्हणून."
वाटलं, रागावेल. तो हसला.
म्हणाला, बाप माझा रबरी नळी दातांत धरून
याच पाण्यात उतरायचा, मासळीसाठी.
त्याला नाही परवडलं.
आणि झडप घट्ट करत राहिला.

अठरा मीटरवर
एक बेडूकमासा, पेराएवढा,
वाळूचाच रंग घेऊन बसलेला,
कपाळावरचा गळ हलवत,
कुणी येवो न येवो.
मी बघत राहिले. काटा पन्नासवर आला.
रोविनानं अंगठा वर केला: चल.

आख्ख्या सहलीत तेव्हा पहिल्यांदा
घासाघीस करावीशी वाटली.
दोन मिनिटं अजून.
बरं, दीड.