दोन तिरक्या रेघा

क्लाइपेदा बंदरात, फेरीच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर
घोडं पेंड खातंय ते इथं:
सर्व्हर जावाचा. स्काइस्तेला हवं आहे सास.
आणि सासला, त्या वर्षी तरी, हवं आहे रुबी.

"ओसरी दिली की हातपाय पसरणार,"
फोनवर ताउतविदास, सर्व्हरवाला, सँडविच चावत.
"आज एक रुबी, उद्या तिचं सगळं गोत.
माझ्या घरात एकच चूल."
स्काइस्ते म्हणते, ती जेवायला येत नाहीये,
रंग कालवून देईल आणि जाईल.
मी तिकीट खिडकीची. वर आले होते चहाला,
थांबले.

सहा हजार दोनशे बारा ओळी,
सगळ्या ब्रोनियुसने हातांनी लिहिलेल्या,
अकरा वर्षं, दोन बोटांनी.
एकच निळा एकशे त्रेचाळीस ठिकाणी,
मासे खारवताना एकेकाला मीठ चोळावं तसा.
कंपनीने नवी बोट घेतली, निळा बदलला,
तर तो ईस्टरचे तीन दिवस एकेक शोधत बसला.
बायकोने रंगवलेली अंडी डब्यात घालून इथंच पाठवली.

"आता हे बघा." स्काइस्ते फाइलीत
वर, अगदी वर, एक नाव लिहिते: खाडी-निळा.
नावाआधी डॉलरचं चिन्ह.
"डॉलर कशाला? आपल्याकडे लितास चालतो," ब्रोनियुस म्हणतो.
हा विनोद होता, हे तिला उशिरा कळतं.
तो हसत नाही.

कंसात कंस, त्यात कंस:
पानाच्या पोटात तक्ता, तक्त्याच्या पोटात ओळ,
ओळीच्या पोटात सहा चाळीसची फेरी.
तो मान हलवतो. आजोबांच्या होडीच्या
डोलकाठीवर लाकडी निशाण असायचं.
पश्चिम किनाऱ्याला काळं-पांढरं, पूर्वेला लाल-पांढरं,
कोण कुठल्या गावचं ते लांबून कळावं म्हणून.
"तेही वरूनच ठरलेलं. एका इन्स्पेक्टरने. एकदाच."
"तेच तर!" ती म्हणते.
"पण त्यावर लोकांनी आपापलं घर कोरलं,
झाड, कुत्रा.
ते त्याने नव्हतं ठरवलं."

रात्री नऊ. तोडगा निघतो:
रुबी राहील तिच्या लॅपटॉपवर,
सास इथंच शिजवायचं,
पलीकडे न्यायचं ते गाळलेलं सीएसएस.
जावाला वासही लागणार नाही.
लाल ओळ. चारशे सातवर अर्धविराम राहिलाय.
पुन्हा लाल.
मग हिरवी.

एकशे बेचाळीस निळे नव्या नावाखाली आले.
एक आलाच नाही.
तिकीट रद्द करायच्या पानावर, सगळ्यात खाली,
एक बटण, जुन्या निळ्यात.
"हा सुटला तुमच्या हातून."
"सुटला नाही."

गोदीतली क्रेन वळते, थांबते.
मग बऱ्याच वेळाने: "जुन्या बोटीचा आहे.
सत्त्याऐंशी साली आम्ही दोघांनी रंगवली, मी आणि रिमगाउदास.
डबा पुरेना, म्हणून थोडा पांढरा घातला.
तो निळा दुकानात मिळत नाही."
भावाचं तो याहून जास्त बोलत नाही.

ती पहिल्याच्या खाली दुसरी ओळ लिहिते.
डॉलर, रिमगाउदास, आणि तो रंग.
"हे लोकांना दिसणार?"
"नाव नाही. नाव इथंच राहतं. जातो तो फक्त रंग."
"आणि शेजारी काही शेरा लिहिला तर?"
"तिरकी रेघ आणि तारा मारलात तर जाऊ शकतो.
दोन तिरक्या रेघा मारल्या तर नाही जात."

ब्रोनियुस चष्मा पुसतो. कीबोर्ड ओढून घेतो.
एका बोटाने, एकाच कळीवर,
दोनदा.

पुढे काय लिहिलं ते मी वाचलं नाही.
मी कप विसळत होते.

सकाळी माझ्या खिडकीवर पहिलीच बाई:
सहा चाळीसचं तिकीट रद्द करायचंय, मुलाला ताप आहे.
म्हटलं, फोनवरूनच होईल, रांग कशाला लावता.
अगदी खाली जा. तिथं एक बटण आहे,
बाकीच्यांहून जरा फिकं.