बुटांचं खोकं

जानेवारी संपत आला. डंडीत चारलाच अंधार.
टेबलावर बुटांचं खोकं, त्यात माझं वर्ष:
पेट्रोल, तारा, नमद्याचा तुकडा,
आणि गाडीच्या काचेमागे राहून
पार कोऱ्या झालेल्या पावत्या.

हिशेबनीस बाईंची फी म्हणजे पाच पियानो.
पाच पियानो म्हणजे दोन दिवस, तीन जिने
आणि काळी चार वाजली की रडणारा एक कुत्रा.
मेव्हणा लॅकलन म्हणतो, देऊन टाक रे एकदाचं.
मी म्हणतो, चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

म्हणतो खरा.
पण परवाच त्या शाळामास्तराला मी दम भरला होता:
पाना हातात आला म्हणून सूर लागत नसतो,
तार तुटली तर डोळा जाईल.

तळाशी एक पावती निघाली.
अकरा मे. पांढरी फ्रीझिया.
मिसेस पिटकेथली दर तीन महिन्यांनी बोलवायच्या.
पियानो सुरातच असायचा.
मी एखादी तार उतरवायचो, पुन्हा चढवायचो,
तोवर त्या चहा ठेवायच्या.
बिल मात्र न चुकता केलं, एकोणीस वर्षं.

ही फुलं धंद्याची की घरची?
रात्री साडेअकरापर्यंत दोन्ही रकान्यांत
लिहून खोडत बसलो.

सकाळी बाईंना फोन केला. ऊना ग्लेग,
मासळीच्या दुकानावर ऑफिस.
खोक्यात काय काय आहे, त्यांनी विचारलं.
पेट्रोल, म्हटलं. तारा. नमदा.
आणखी?
खाली कुणीतरी बर्फ फोडत होतं, फोनमधून ऐकू येत होतं.
आलो की सांगतो, म्हटलं.