धाकटीकडचं गाठोडं

देवाचे कपडे आमच्या घरी असतात.
डोंगरात, चुलीवरच्या माळ्यावर,
वेताच्या पेटाऱ्यात, धूर लागेल अशा बेतानं.
धुराच्या कपड्याला कसर लागत नाही.

खाली मैदानात, विटांच्या मनोऱ्यात
तो वर्षभर दाराआड बसून:
दगडाचं लिंग, त्यावर मिशीवाला चेहरा,
अंगावर काही नाही.
राजा होता म्हणतात. पाट काढले त्यानं.
पाटांना अजून पाणी आहे. राज्य नाही.

चाम थोरलीची लेकरं, आम्ही रागलाई धाकटीची.
आमच्यात घर धाकट्या लेकीला जातं.
म्हणून पळापळीच्या वर्षी
थोरलीनं मंदिर तिथंच सोडलं
(ते काही पाठीवर घेता येत नव्हतं)
आणि गाठोडं हिच्या हाती दिलं:
'येते न्यायला.'

लोक देवाला म्हणतात, लाज राख.
आम्ही त्याची राखतो.

विमानं यायची त्या दिवसांत
मावशीनं पेटारा गुहेत नेला.
भाताचं बियाणं मागं राहिलं, जळलं.
त्या साली आम्ही कंद खाल्ले.
तिला कुणी बोललं नाही.
तीही कधी बोलली नाही.

यंदा काते सणाच्या आदल्या रात्री
पेटारा उघडला, तर काठ कुरतडलेला.
बोटभरच. पण उंदीरच.
घरात जांभळा धागा एकच होता,
नातीच्या शाळेच्या दप्तराचा, नायलॉनचा.
त्यानंच रफू केलं.
दिव्यापाशी डोळ्यांना पाणी येत होतं, वयामुळं.

सकाळी सारानाई वाजली, ढोल वाजले.
दांग शेमनं दार ढकललं;
आधी वटवाघळं बाहेर आली, मग काळोख.
काधार कासवाच्या पाठीच्या सारंगीवर
राजाची नावं एकेक करून घेत राहिला,
पाजाउ म्हातारी तांदळाची दारू ओतत राहिली.
पाण्यानं, अगरूनं देवाचं तोंड पुसलं.
नेसवणं सुरू झालं.

काठापाशी शेमचा हात थांबला.
अंगठ्यानं त्यानं टाके चाचपले,
माझ्याकडे पाहिलं नाही,
आणि ती कड मागं, भिंतीकडे वळवली.

बाहेर माणसं फोन उंच धरून उभी होती.
सगळ्यांना देव समोरूनच दिसला.

संध्याकाळी घड्या घालताना
माझी बोटं थरथरत होती तेव्हा
तो फक्त एवढं म्हणाला:
'हिया, मांजर पाळ.'